डबा आणि बरणी

नमुन्याची खोकी आली तेव्हा संगमेश्वर कोतात एकटाच होता. कोत म्हणजे निमलष्करी दलाच्या केंद्रातली हत्यारांची खोली. जाड भिंती, एकच दार, गजांची एक खिडकी आणि बारा महिने तेलाचा वास. हत्यारं दुरुस्त करणारा तिथला आर्मरर म्हणूनच तो हवालदार झाला होता. नांदेड-लातूर रस्त्याला लागून असलेल्या त्या केंद्रात कुणाची रायफल अडकली की पहिलं नाव त्याचंच निघायचं. माणूस मुखेडकडचा, कोरडवाहू गावातला. बोलायला बेताचा, पण हाताला यश असलेला.

खोक्यांत तीन तऱ्हेचे ड्रम होते. रायफलीला एरवी तीस राउंडचं, म्हणजे तीस गोळ्या मावणारं, वाकडं मॅगझिन लागतं. पण जंगलातल्या चौकीवरून गस्तीला निघालेल्या तुकडीत जो सगळ्यांच्या पुढं चालतो, त्याला ऐनवेळी मॅगझिन बदलायला सवड मिळत नाही. त्याच्या रायफलीला जास्त राउंड मावणारं गोल ड्रम मॅगझिन द्यावं, असं वरून ठरलं होतं. कोणतं द्यावं, हे या केंद्रानं वापरून, आपटून, धुळीत लोळवून सांगायचं होतं.

पहिला ड्रम पोलादी. काळा, वजनदार, पाठीवर चावी. जुन्या घड्याळाला द्यायचे तशी चावी दिली की आतली स्प्रिंग ताणली जायची. दुसरा चिवट प्लास्टिकचा. हलका, आणि पाठ पारदर्शक, त्यामुळं आत किती राउंड उरलेत ते बाहेरूनच दिसायचं. तिसरा म्हणजे रायफलीच्या दोन्ही अंगांना लोंबणारे दोन छोटे ड्रम, एकमेकांना जोडलेले. जवानांनी पहिल्याच दिवशी त्यांची बारशी उरकली. पोलादी तो डबा, पारदर्शक ती बरणी आणि तिसरा डमरू.

संगमेश्वरला डबा हातात घेताक्षणी आवडला. चार स्क्रू काढले की सगळा खुला होत होता. आत कुठं गुपित नव्हतं, जे काय होतं ते रिव्हेट मारून बसवलेलं होतं. बरणी त्यानं उन्हाकडं धरून पाहिली, बोटानं ठोकली आणि खाली ठेवली.

चाचणीचं काम इन्स्पेक्टर आनंदराज यांच्याकडं होतं. ते बिलोलीचे, चाळिशीच्या आतले, नुकतेच बदलून आलेले. ते कोताच्या दारात येऊन उभे राहिले.

“हवालदार, तीनों खोलके देख लो. कल से फायरिंग शुरू.”

“जी सर. फायर कौन करेगा?”

“तनुजा,” ते म्हणाले आणि गेले.

तनुजा ही संगमेश्वरची बायको. तीही त्याच दलात, फायरिंग रेंजवर शिकवणारी. चाकूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. नेमबाजीत तिच्या तुकडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर बरीच वर्षं एक काश्मीरला तर एक आसामला, असं काढल्यावर दोघांना एका ठिकाणी बदली मिळाली होती. केंद्रातल्या क्वार्टरमध्ये त्यांचा पहिला खरा संसार मांडला गेला होता.

बायकोची निवड झाली याचा संगमेश्वरला आनंद व्हायला हवा होता, आणि घटकाभर तो झालाही. पण दलात माणसाला आधी हुद्दा लागतो, मग नाव. साहेबांनी हुद्दा लावलाच नव्हता. नुसतं ‘तनुजा’ म्हणाले होते, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. दिवसभर तो शब्द त्याच्या कानात खड्यासारखा राहिला.

दुसऱ्या दिवशी रेंजवर तो हत्यारांची पेटी घेऊन मागं उभा होता. तनुजानं आधी डमरू लावला आणि जमिनीवर पोटावर झोपून नेम धरला. धरला न धरला तोच ती उठून बसली.

“सर, हे न्हाई चालायचं. झोपून मारायचं म्हणलं की खाली दोन नारळ ठेवल्यावानी होतंय. नळी वरच राहून राहिली.”

आनंदराज हसले. “मग नारळ मारुतीला वाहू. पुढचा घ्या.”

मराठीत. संगमेश्वरनं पेटीचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. साहेब मराठी बोलतात हे त्याला माहीत होतं, बिलोलीचा माणूस दुसरं काय बोलणार. पण त्याच्याशी साहेबांनी आजवर एक वाक्य मराठीतून केलं नव्हतं. ‘साफ करो’, ‘रख दो’, ‘ठीक है’, यापलीकडं त्यांचं बोलणं जात नव्हतं. आणि इथं नारळ आणि मारुती.

त्या दिवशी डमरू बाद झाला. राहिले डबा आणि बरणी.

संध्याकाळी तनुजा भाकरी थापत होती. संगमेश्वर उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होता.

“तुला कोणतं बरं वाटलं?” त्यानं विचारलं.

“बरणी.”

“प्लास्टिक हाय ते.”

“हलकं हाय. दिवसभर चालायचं, चढ चढायचा, तवा अर्धा किलो बी लई होतं. आन् किती राहिलेत ते दिसतंय. पुढं चालणाऱ्यानं मनात मोजत बसायचं का?”

“उन्हात तापल. आपटल. डबा आपटला तर पोचा येईल, लई झालं तर. बरणीला एकदा तडा गेला की गेली.”

“तुम्ही आर्मरर हाव, तुम्हाला उघडून बघायला काय सोपं ते आवडतंय. वागवायचं मला हाय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “साहेबबी बरणीच म्हणून राहिले.”

संगमेश्वरच्या हातातली पाकळी निसटली. “साहेब म्हणाले म्हणून तुला बरी वाटली, का तुला वाटली म्हणून साहेबाला?”

“दोन्हीत काय फरक हाय?”

“लई फरक हाय.”

तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घालून लसूण सोलायला सुरुवात केली. तिनं भाकरीला पाणी लावलं आणि विषय तिथंच राहिला.

त्यानंतर संगमेश्वरला सगळं दिसायला लागलं. रेंजवरून येताना तनुजा गाणं गुणगुणत येते. तिनं केसांना नवी पिन आणलीय. साहेबांच्या टेबलावर चहाचे दोन कप असतात. मेसमध्ये त्याच्या बॅचचा भागवत म्हणाला, “काय आर्मरर, ड्रमचा निकाल तुमच्या घरातच लागून राहिला म्हणं.” भागवत सगळ्यांचीच थट्टा करायचा, पण संगमेश्वरनं ताटातलं वरण तसंच ठेवलं आणि उठला. ती पिन आठवडी बाजारातून त्यानंच घेऊन दिली होती, हे त्याला हात धुताना आठवलं. तरी बरं वाटलं नाही. साहेबासमोर लावायला घेतली असेल, असं मन म्हणालं.

मनाला आता ती सवयच लागली. डब्याची बाजू मांडायला तो साहेबांकडं जायचा, आणि साहेब ऐकून घेऊन म्हणायचे, “तनुजा तो कुछ और कहती है.” बस, तेवढंच. पण परत कोताकडं येताना त्याला वाटायचं, आपली अख्खी नोकरी या हत्यारांत गेली आणि बायकोच्या एका वाक्यासमोर तिचं वजन बरणीएवढंही नाही. मग त्याला कळेना, की आपण साहेबावर जळतोय का तनुजावर. साहेब आपल्या बायकोकडं बघतो याचा राग आहे, का साहेब आपल्याकडं बघत नाही याचा. दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं आणि सोडवायला तो बसलाही नाही.

रविवारी तनुजाचे वडील हणमंतराव हुरडा घेऊन आले. पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि जावयाला म्हणाले, “पोरगी फोनवर सांगत होती. मोठ्या कामाला निवडलं म्हणं तिला. चांगलं माणूस पारखणारा साहेब मिळायला नशीब लागतं, पाव्हणं.”

“हाव,” संगमेश्वर म्हणाला.

“तुमचंबी नाव घेतंय का नाही कुणी?”

म्हाताऱ्यानं साध्या मनानं विचारलं होतं. संगमेश्वर काही बोलायच्या आत तनुजाचा फोन वाजला. तिनं पडद्यावर पाहिलं, “साहेबाचा हाय,” म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकाला गेली. क्वार्टरच्या आत रेंज नसायची, संगमेश्वर स्वतःही फोनवर बोलायला त्याच टोकाला जायचा. पण त्या घडीला त्याला एवढंच दिसलं, की ती पाठमोरी उभी आहे, मान हलवतेय आणि हसतेय. आत येऊन तिनं काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. हणमंतरावांनी हुरडा चोळून जावयाच्या पुढ्यात ठेवला, तो त्यानं एकेक दाणा करून खाल्ला.

आपटायची चाचणी संगमेश्वरच्या हातानं झाली. दोन्ही ड्रम भरून, खांद्याइतक्या उंचीवरून, सिमेंटच्या कोब्यावर टाकायचे. नंतर कोतात नेऊन तपासायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी बोर्डासमोर धुळीतली शेवटची चाचणी. बोर्ड म्हणजे कमांडंट साहेब आणि आणखी दोन अधिकारी.

डब्याला कडेला पोचा आला होता. चावी दिली तर आतलं चाक सुरळीत फिरत होतं. बरणी वरवर पाहता धड होती. पण रायफलीत शिरणाऱ्या तिच्या मानेवर, जिथून राउंड वर येतो त्या ओठाखाली, केसाएवढी रेघ होती. संगमेश्वरनं भिंग लावलं. तडा होता.

त्याला खरोखर आनंद झाला. आपण म्हणत होतो तेच. त्यानं साहेबांना फोन लावायला हात पुढं केला आणि नजर खिडकीतून बाहेर गेली. समोर लिंबाखाली आनंदराज आणि तनुजा उभे होते. टार्गेटचा कागद दोघांनी दोन बाजूंनी धरला होता. ती एका भोकावर बोट ठेवून काहीतरी सांगत होती, मग तिनं खांदा मागं झटकून रायफलीचा धक्का कसा बसतो ते दाखवलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि मोठ्यानं हसले. तनुजाही हसली. घरात ती अशी शेवटची कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

त्यानं हात मागं घेतला.

आपण आता सांगितलं तर काय होईल? आर्मररचा डब्यावर जीव आहे, म्हणून बरणीत खोट काढली, असंच म्हणतील. ‘तनुजा तो कुछ और कहती है.’ त्यापेक्षा ती उद्या सगळ्यांसमोर अडकू दे. तिच्याच हातात अडकू दे. ज्यानं तिचं ऐकून बरणी डोक्यावर घेतली, त्याच्या डोळ्यांसमोर अडकू दे. फार तर राउंड तिरका बसेल, रायफल थांबेल, एवढंच, असं त्यानं स्वतःला बजावलं. मग तेलाचं फडकं घेतलं आणि मानेवरून फिरवलं. तेल रेघेत मुरलं. रेघ दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी रेंजवर शामियाना लागला. कमांडंट साहेब खुर्चीवर, बाजूला दोन अधिकारी. रेंजच्या कडेची काळी माती चाळून दोन्ही ड्रमवर टाकली, हलवली, वरवर झटकली. तनुजानं आधी डबा लावला. थोड्या थोड्या राउंडच्या झोडी घेत तिनं तो पूर्ण रिकामा केला. कुठं अडलं नाही. मग बरणी.

पहिली झोड गेली. दुसरी गेली. तिसरीत रायफल मध्येच मुकी झाली. तनुजानं नळी समोरच ठेवून हात वर केला, अडकलेला राउंड काढला आणि पुन्हा नेम धरला. एक राउंड गेला आणि मग काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तिचं डोकं झटकन मागं गेलं.

प्लास्टिकचा कपचा उडून तिला डोळ्याच्या खाली लागला होता. गालावर रक्ताची बारीक धार उतरली.

संगमेश्वर पेटीजवळ होता. पळायचं म्हणून त्याचं अंग पुढं झालं, पण पाय हलले नाहीत. तोवर आनंदराज तिच्यापाशी पोचले होते, गुडघ्यावर बसून रुमाल पुढं करत होते. तनुजानं रुमाल घेतला नाही. तिनं रायफल सुरक्षित करून खाली ठेवली, बाहीनं गाल पुसला आणि म्हणाली, “डोळ्याला न्हाई सर. वरवरचं हाय.”

मग तिनं बरणी काढून हातात घेतली. ओठाचा तुकडा गेला होता आणि तडा मानेच्या मुळापर्यंत उतरलेला स्पष्ट दिसत होता. खालचा तडा ताजा, पांढरा होता. वरचा मात्र काळा होता. तिनं त्या काळ्या भागावरून नख फिरवलं आणि नख नाकाशी नेलं. तेलात कालवलेली माती.

आनंदराज वळले. “हवालदार, कल गिराने के बाद चेक किया था?”

“जी सर.”

“तब था ये क्रॅक?”

तनुजा त्याच्याकडं पाहत होती.

“नहीं सर,” तो म्हणाला.

 बरणी तिनं टेबलावर ठेवली आणि दवाखान्याकडं चालायला लागली. कमांडंट साहेब म्हणाले, की पारदर्शकवाला तर मग बाद दिसतोय, सकाळी फायर करणारीचं मत घेऊ आणि संपवू. संगमेश्वरला जे हवं होतं ते झालं होतं. त्यानं झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या. आकडा जुळेना, म्हणून परत परत मोजल्या.

दुपारी तो क्वार्टरवर आला तेव्हा ती मोरीपाशी तोंड धुवून बसली होती. डोळ्याखाली चिकटपट्टी होती.

“लई दुखतंय का?” त्यानं विचारलं.

“तडा काल होता.”

त्यानं टोपी काढून खुंटीला लावली.

“केस अडकला तरी तुम्हाला रायफलीत दिसतंय. आन् तडा दिसला न्हाई म्हणून राहिले. वरून तेल लावलं. कोतातलंच तेल हाय ते, मला वास कळत न्हाई का?”

“मला वाटलं, फक्त अडकल.”

“आन् अडकल्यावर काय?”

“तुझं खोटं पडलं असतं.” त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. “त्याच्यासमोर.”

तनुजाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं ओल्या हातानं कपाळ धरलं.

“साहेबासमोर? त्याच्यासाठी?”

“तो तुझ्याशी मराठीत बोलतो. तुला नावानं बोलावतो. तू फोन घेऊन बाहेर जातेस. आतल्या आत मी...” त्यानं हात झटकला. “हसतेस तू तिथं.”

“मी पहिल्या दिवशी मराठीत बोलले, तर ते मराठीत बोलले. तुम्ही कधी बोललात? जी सर, जी सर, याच्यापुढं गेलात कधी? आन् फोन मोठ्या कोर्सचा होता. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला माझं नाव पाठवून राहिले. तुम्हाला त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही हुरड्याचे दाणे मोजून राहिले होते, बापाशी धड बोलले न्हाईत. म्हणलं, जाऊ द्या, तोंड सरळ झालं की सांगू.”

“मला काय माहीत?”

“इचारायचं. पोटात हाय ते इचारायचं. लागलंच तर भांडायचं.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “माझा गाल त्या रायफलीला टेकलेला होता ओ. साहेबाचा न्हाई. माझा.”

संगमेश्वर भिंतीला टेकून खाली बसला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी कुणाला सांगणार न्हाई,” ती म्हणाली. “पण सकाळी बोर्ड मला इचारणार. तवा मी खोटं बोलणार न्हाई. तडा बंदुकीच्या धक्क्यानं गेला का आपटून, ते त्यांना कळायला पाहिजे. उद्या कुणाच्या तरी पोराच्या हातात ते जायचं हाय.”

 तो उठला, वर्दी नीट केली आणि आनंदराज यांच्या ऑफिसकडं गेला. साहेब एकटेच होते. टेबलावर चहाचे दोन कप होते, दोन्ही रिकामे, दोन्ही त्यांचेच असावेत. संगमेश्वर सावधान उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी मराठीत बोलला.

“सर, तडा कालच होता. आपटल्यावर गेला. मला दिसला होता. मी सांगितलं नाही, वरून तेल लावलं.”

आनंदराज यांनी पेन खाली ठेवलं. “क्यों?”

रस्त्यात त्यानं याचं उत्तर जुळवलं होतं. समोर आल्यावर खरं उत्तर ओठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. ज्या माणसावर आपण जळलो त्यालाच ते सांगणं, म्हणजे त्याच्या हातात स्वतःचं काळीज काढून देणं.

“डबा निवडला जावा म्हणून, सर.”

“सिर्फ इसलिए?”

“जी सर.”

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. नजर खाली न घेता पाहिलं, आणि संगमेश्वरला वाटलं की यांना सगळं कळलंय, किंवा काहीच कळलेलं नाही, दोन्हीपैकी काय ते आपल्याला कधीच समजायचं नाही.

“वो तुम्हारी बीवी है, संगमेश्वर,” ते शेवटी म्हणाले. “किसी और की होती तो भी यही कहता. आँख जा सकती थी.”

“जी सर.”

“कोत की चाबी दे दो.”

त्यानं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. इतकी वर्षं कमरेला तिचं वजन होतं. ऑफिसबाहेर आल्यावर चालताना तोल जातोय असं त्याला वाटत राहिलं.

चौकशी झाली. हुद्दा राहिला, कोत गेलं. त्याला मुख्य फाटकावर पहाऱ्याला लावलं. लोकांना कारण अर्धंच कळलं. आर्मररनं हयगय केली, एवढंच. भागवतनंही थट्टा केली नाही, त्यावरून संगमेश्वरला आपली पत कुठवर उतरली ते समजलं.

घरात तनुजा बोलत होती, पण कामापुरतं. ताट वाढायची, ड्युटीची वेळ सांगायची. रात्री पाठ करून झोपायची. त्यानं एकदा म्हणून पाहिलं, “माझं चुकलं.” ती म्हणाली, “हाव.” 

बोर्डानं निकाल पुढं ढकलला होता. तडा का गेला ते कळल्यामुळं कंपनीकडून नव्या बरण्या मागवल्या आणि सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. कोतात आता दुसरा आर्मरर होता. संगमेश्वर फाटकावरून रेंजचा आवाज ऐकायचा. कोणता ड्रम लावलाय ते त्याला झोडीच्या लयीवरून ओळखता यायचं. कधी बरणी मध्येच थांबायची, आणि तो नकळत पुढच्या राउंडची वाट बघत उभा राहायचा.

निकाल त्याला भागवतकडून कळला. भागवत ड्युटी बदलायला फाटकावर आला होता.

“डबा झाला,” तो म्हणाला. “नव्या बरण्यांतली बी एक आपटल्यावर त्याच जाग्यावर फुटली. कमांडंट साहेबांनी तनुजाताईला इचारलं, तुमचं काय मत. तर म्हणाल्या, मला बरणी आवडते, हलकी हाय, दिसतंय. पण पुढं चालणाऱ्याच्या हातात द्यायचं म्हणलं तर मी डबाच देईन. वजन वागवता येतं, तडा वागवता येत न्हाई.”

“असं म्हणाली?”

“पुढं बी म्हणाल्या. पहिल्या आर्मररनं हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई, असं.”

संगमेश्वरची छाती भरून आली. तनुजानं त्याचं म्हणणं सगळ्यांसमोर मांडलं होतं, आणि तेही तो तिथं नसताना. पण तो आनंद पुरता टेकायच्या आत दुसरंच काहीतरी आत हललं. हे वाक्य तिनं तिकडं म्हटलं. आनंदराज यांनी ते आधी ऐकलं. आपल्याला ते भागवतच्या तोंडून, शिळं होऊन मिळालं. त्याला स्वतःची किळस आली, तरी ते आत हलायचं थांबलं नाही.

घरी गेल्यावर तो म्हणाला, “डबा झाला म्हणं.”

“हाव.”

“मला सांगितलं न्हाईस.”

तनुजा तांदूळ निवडत होती. “तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला ठाऊकच होतं.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “परवा निघायचं हाय. कोर्सला.”

“कोण कोण हाय?”

“मी आन् रेंजवरची समीक्षा. साहेब नांदेडपर्यंत सोडायला येऊन राहिले, त्यांचं तिकडं काम हाय.” तिनं ताट बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडं सरळ पाहिलं. “इचारायचं असलं तर आताच इचारा.”

त्यानं विचारायला तोंड उघडलं. काय विचारावं? तू त्याच्याशी हसतेस ते मला का सलतं? ते तिला कुठून ठाऊक असणार.

“मला जळायला होतं,” तो म्हणाला. “अजून होतं. तुझा दोष न्हाई. पण होतं.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली. मग उठून चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “हे आधी बोलला असतात तर मी रागावले असते, भांडले असते, पण गालावर वण राहिला नसता.”

त्या दिवशी बऱ्याच काळानंतर दोघं एका ताटाशी जेवले.

निघायच्या सकाळी फाटकावर त्याचीच ड्युटी होती. जीप आली. पुढं आनंदराज, मागं समीक्षा आणि तनुजा, पायाशी काळ्या ट्रंका. नियमाप्रमाणं त्यानं जीप थांबवली, आत पाहिलं आणि साहेबांना सलाम केला. साहेबांनी सलाम घेतला. तनुजा मागच्या बाकावरून खाली उतरली.

“दुधाचं पातेलं झाकून ठेवलंय,” ती म्हणाली. “आन् बापाला दर रविवारी फोन करा. त्यांना तुमच्याशी बोलायला आवडतं.”

“करीन.”

“जेवत जा.”

“परत कधी?”

“कोर्स संपला की.” तिनं त्याच्या वर्दीच्या खिशाचं बटण लावलं. ते उघडंच राहिलं होतं. सगळ्यांदेखत, अगदी सावकाश लावलं, आणि जाऊन बसली.

त्यानं आडवा दांडा वर केला. जीप बाहेर पडली, नांदेडच्या दिशेनं वळली. मागच्या जाळीतून तिचं डोकं दिसत होतं. साहेब वळून काहीतरी बोलले, ती हसली असावी, खांदे हलले. संगमेश्वरच्या पोटात तेच ओळखीचं खुपलं. त्यानं ते खुपू दिलं. दांडा खाली घेतला, आणि उसानं भरलेला एक ट्रॅक्टर चुकून फाटकाकडं वळत होता, त्याला हात करून मुख्य रस्ता दाखवायला पुढं गेला.